दोन जोड ग्लोव्हज

श्रावस्तीच्या डाव्या तर्जनीवर, पहिल्या पेराच्या आतल्या बाजूला, एक भेग होती. शनिवारी सकाळी तिनं ती स्टीलच्या पट्टीनं मोजली तेव्हा सात मिलिमीटर भरली. मागच्या शनिवारी पाच होती. कडा पांढरट आणि कोरड्या होत्या, मधली बारीक रेघ ओलसर लाल. बोट सरळ ठेवलं की भेग मिटायची, वाकवलं की उघडायची. भोवतीची कातडी दिवसातून कधीही खाजायला लागायची, आणि एकदा लागली की दुसरं काही सुचायचं नाही.

दीड महिन्यापूर्वी ती सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी भिंगातून बोट पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षं ऑपरेशनआधी हात घासताय, स्क्रब करताय?"

"एकोणीस."

"मग हाताला सहा आठवडे सुट्टी द्या. ब्रश नको, औषधी साबण नको, रबर नको. आणि तोवर ऑपरेशनला उभं राहायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

तिनं मान हलवली. मलमाची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. येताना एसटीत खिडकीशी बसून सोमवारी काय सांगायचं, कुणाला सांगायचं, हे तिनं मनात नीट रचलं. आणि सोमवारी ती नेहमीसारखी नळाखाली हात धरून उभी राहिली.

हात धुण्याच्या जागी भिंतीवर एक कागद लावलेला होता. हाताला उघडी जखम, फोड किंवा चीर असेल त्या व्यक्तीनं निर्जंतुक गाऊन घालू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच होतं. ब्रश फिरवताना तो कागद बरोबर डोळ्यांसमोर यायचा. म्हणून ती हल्ली डाव्या नळाऐवजी उजव्या नळावर धुवायची.

वाट मात्र तिनं काढली होती. दोन जोड ग्लोव्हज. आत सात नंबरचा, वर साडेसहाचा. दोन थरांतून काय जाणार?

तालुक्याच्या त्या रुग्णालयात सोमवारी आणि गुरुवारी ऑपरेशनं होत. ऑपरेशन करणारे शंभुलिंग सर त्या दोन दिवशी धाराशिवहून येत. टेबलाशी त्यांच्यासमोर उभी राहून हत्यारं देणारी सिस्टर एकच होती, श्रावस्ती. दुसरीची बदली झाली होती आणि तिच्या जागी चार महिन्यांपूर्वी भाग्यश्री आली होती. ती तयार होईपर्यंत श्रावस्तीनं हात काढून घेतला तर ऑपरेशनं बंद पडणार, बायकांना धाराशिवला नाहीतर सोलापूरला पाठवावं लागणार. सुरुवातीला हे खरंच होतं.

शनिवारी ऑपरेशनची खोली, ओटी, रिकामी असायची. त्या दिवशी ती भाग्यश्रीचा सराव घ्यायची.

गाऊन घालायची रीत ऐकायला सोपी आहे. बाह्यांत हात घालायचे, पण बाहीच्या काठाबाहेर बोटं काढायची नाहीत. बाहीच्या आतूनच ग्लोव्ह पकडायचा, तो पालथ्या हातावर ठेवायचा, अंगठ्यावर अंगठा आणि बोटं कोपराकडे. मग तसाच ओढून घ्यायचा. उघड्या कातडीचा स्पर्श गाऊनच्या बाहेरच्या बाजूला किंवा ग्लोव्हच्या बाहेरच्या बाजूला एकदाही झाला नाही, तर जमलं. झाला, तर सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून.

"थांब," श्रावस्ती म्हणाली. "अंगठा दिसला."

भाग्यश्री जागच्या जागी थिजली. "कुठं, सिस्टर?"

"आत्ता. नख."

"नख म्हणजे, अगदी एवढंसं..."

"जंतूला एवढंसं पुरतं. उतरव. पुन्हा."

कोपऱ्यात दगडोबा मामा धुतलेल्या गाऊनच्या घड्या घालून निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये रचत होते. ओटीत त्यांची तीस वर्षं गेली होती. घडी घालता घालता ते म्हणाले, "शिस्टर, लई कडक हाव तुमी. मी रिटायर होईस्तवर ही पोरगी नुसते झगे घालत अन् काढतच बसंल."

"मामा, तुम्ही रिटायर कधी होताय?" भाग्यश्रीनं विचारलं.

"फुडच्या जूनला."

"मग आहे की वेळ. तेवढ्यात मला एक बाही तर जमंलच."

दोघं हसली. श्रावस्ती हसली नाही. नख खरंच दिसलं होतं का, हे तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. तिनं हात पाठीमागे घेतला आणि अंगठ्यानं तर्जनीची कड चोळली.

सोमवारी सर यायच्या आधी ती वॉर्डात गेली. तेर गावची महेश्वरी मागच्या सोमवारी सिझर होऊन तिथं पडलेली होती. आज तिचे टाके काढायचे होते. पट्टी सोडली तेव्हा खालच्या टोकाचे दोन टाके लाल, ताणलेले दिसले. चिमट्यानं जरा दाबलं आणि पिवळसर पू वर आला.

खाटेच्या पायथ्याशी महेश्वरीची सासू नागूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान लांब करून पाहिलं.

"बघा! म्या हिला सांगितलं व्हतं, अंगावरनं पाणी घेऊ नको म्हणून. ऐकती व्हय कुणाचं? आता भोग म्हणावं."

महेश्वरी छताकडे बघत म्हणाली, "घामानं लई चिकचिक व्हायली होती, सिस्टर. तांब्याभरच घेतलं."

"तांब्याभर म्हणं! अन् परवा वांगं खाल्लंस ते?"

"तुमीच वाढलं की, आत्या."

"मी वाढलं, तुला कळत न्हाय?"

श्रावस्तीनं कापसाचा बोळा टाकून दिला, नवा घेतला. "मावशी, आंघोळीनं टाका पिकत नसतो. वांग्यानंही नाही."

"मग कशानं पिकतो?" नागूबाईनं विचारलं.

तिचा स्वर भांडणाचा नव्हता. ती खरंच विचारत होती. महेश्वरीनंही छतावरची नजर काढून श्रावस्तीकडे वळवली. श्रावस्तीनं पट्टीचे थर एकावर एक ठेवले, चिकटपट्टी कापली, टोकं दाबून बसवली. जखमेतून नमुना घेऊन तपासणीला पाठवायची चिठ्ठी लिहिली. "रिपोर्ट आला की सर सांगतील," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली.

टाका कशानंही पिकतो, हे तिला माहीत होतं. पेशंटच्या स्वतःच्याच कातडीवरचे जंतू पुरतात. रक्त कमी असलं तरी पिकतो. साखर असली तरी. महेश्वरीचा टाका आपल्यामुळं पिकला असं म्हणायला काहीच आधार नव्हता. आपल्यामुळं पिकला नाही, असं म्हणायलाही नव्हता. तिला बीएस्सी नर्सिंगमध्ये शिकवलं होतं की जे तपासलेलं नाही त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायचं नाही. हे गप्प राहणं मात्र वेगळं होतं, तेही तिला कळत होतं.

त्या दिवशी गर्भपिशवी काढायचं एक ऑपरेशन होतं. तिनं दोन जोड घातले. सरांनी ओले हात वर धरून नेहमीचं वाक्य टाकलं, "चला सिस्टर, मला नवरदेव करा." तिनं त्यांना गाऊन घातला, ग्लोव्हज धरले, आणि ट्रॉलीशी उभी राहिली.

एकदा गाऊन चढला की तिला कुणी शिवायचं नाही, असा त्या खोलीचा नियम होता. दगडोबा मामा जवळून जाताना अंग चोरून, भिंतीला पाठ लावून जायचे. भूल देणारे डॉक्टर दोन पावलं मागं सरायचे. तेरला, आपल्याच गावात, तिच्या आईनं लहानपणी कुणाला विटाळ नको म्हणून असंच अंग चोरून लोकांना वाट दिली होती. आई ते कधीतरी, भाकरी थापता थापता, अगदी सपाट आवाजात सांगायची. इथं लोक श्रावस्तीला वाट देत. त्याचं कारण पुस्तकात छापलेलं होतं आणि ते सगळ्यांना सारखं लागू होतं. या खोलीतलं तिला हेच सगळ्यात आवडायचं. एकोणीस वर्षांत तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

ऑपरेशनच्या विसाव्या मिनिटाला बोट खाजायला लागलं. ग्लोव्हच्या आत घाम साचला होता. खाजवता येत नव्हतं, हात खाली घेता येत नव्हता. तिनं पायाची बोटं चपलेत आवळून धरली. सरांनी हात पुढे केला, तिनं सुई लावून दिली. परत घेतली, दुसरी दिली. डावी तर्जनी दर वेळी सुईच्या टोकापाशी येत होती. हे ती इतकी वर्षं करत होती, पण आज तिला ते दिसत होतं.

"सिस्टर, कैची मागितली," सर म्हणाले.

"हो सर."

"आज कुठं आहात? तेरला?"

"इथंच आहे, सर."

ऑपरेशन संपलं. पेशंटला वॉर्डात नेलं. वापरलेले ग्लोव्हज लाल पिशवीत टाकायचे असतात. श्रावस्तीनं आपल्या डाव्या हाताचे दोन्ही वेगळे काढले आणि धुण्याच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

तिनं वरचा ग्लोव्ह नळाखाली धरला, लिटरभर पाणी भरलं, मनगट पिळून घट्ट बांधलं. बोटं फुगून उभी राहिली. तर्जनीच्या टोकाजवळून केसासारखी बारीक धार सरळ समोरच्या फरशीवर गेली. हे तिला अपेक्षित होतं. सगळ्यात जास्त भोकं डाव्या तर्जनीलाच पडतात, आणि घालणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही, हे ती स्वतः शिकवायची. म्हणून तर आतला जोड.

तिनं आतला भरला. सुरुवातीला काहीच झालं नाही. तिनं तर्जनी हलकेच दाबली आणि मनात आकडे मोजले. अकराला टोकाच्या जरा खाली एक थेंब आला. तो मोठा झाला, गळून पडला. मग दुसरा आला.

तिनं पाणी ओतून दिलं, ग्लोव्ह पुसला, पुन्हा भरला. पुन्हा थेंब. तिसऱ्यांदाही. मग तिनं आपलं बोट उजेडात धरलं. सुई बोटाला लागलेली नव्हती. भोक पडलं होतं ते भेगेपासून दोन-अडीच मिलिमीटरवर.

दार ढकलून दगडोबा मामा आत आले. ओली फरशी बघून म्हणाले, "काय ओ शिस्टर, रंगपंचमी हाय व्हय आज?"

"तपासत होते, मामा."

"सुई टोचली का काय?"

"नाही."

मामांची नजर तिच्या बोटावर गेली आणि तिथंच थांबली. "हे काय झालं?"

"भांड्यांच्या पावडरीनं."

"एरंडेल लावा. आमच्या हिच्या टाचा लई उलायच्या, त्यानंच दबल्या." त्यांनी फडकं घेऊन फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता, वर न बघता, ते म्हणाले, "किती दिसापास्नं हाय?"

"झाले असतील काही दिवस."

 फरशी पुसून झाली तरी तेवढाच तुकडा मामा पुसत राहिले.

मंगळवारी ती सोमवारच्या पेशंटचा तापाचा तक्ता बघायला तीन वेळा वॉर्डात गेली. ताप नव्हता. प्रत्येक वेळी तिला तासभर बरं वाटायचं आणि मग उद्याचा तक्ता दिसायला लागायचा. घरी भात गॅसवर ठेवून ती विसरली. करपल्याच्या वासानं उठली. बुधवारी महेश्वरीचा रिपोर्ट आला. कातडीवर, नाकात, कुणाकडेही सापडणारा नेहमीचा जंतू. म्हणजे रिपोर्टानं काहीच सांगितलं नव्हतं. सरांनी फोनवर औषध बदलून दिलं.

"पोरीचीच चूक म्हणायची मग," नागूबाई म्हणाली. महेश्वरीनं पदर तोंडावर घेतला होता.

"तिची चूक नाही, मावशी."

"मग कुणाची?"

या वेळीही श्रावस्तीनं पट्टीच बदलली.

त्याच दुपारी भाग्यश्रीनं आपणहून सराव मागितला. ड्रम उघडला गेला. भाग्यश्रीनं गाऊन गळ्याशी धरून उलगडला. तो झटक्यात, कुठंही न लागता, खाली सुटला. हात बाह्यांत गेले आणि काठाच्या आत थांबले. पांढऱ्या कापडाच्या आतून बोटांची हालचाल फक्त दिसत होती. डावा ग्लोव्ह, अंगठ्यावर अंगठा. उजवा. मनगटाच्या काठाला सुरकुतीही नाही. हात छातीसमोर, कमरेच्या वर, एकमेकांत गुंफलेले. श्रावस्तीनं तिच्याभोवती एक फेरी घातली. आपण स्वतः पहिल्या वर्षी इतकं चांगलं करत नव्हतो, हे तिला स्पष्ट दिसलं.

"काय, सिस्टर?" मास्कच्या वरचे डोळे चमकत होते.

"वेळ जास्त लागला."

"वेळ?"

"इमर्जन्सी असली तर एवढा वेळ नसतो. अजून थोडं."

डोळ्यांतली चमक गेली. भाग्यश्रीनं ग्लोव्हज उतरवले, गाऊन उतरवला, घडी घातली. जाताना दारात थांबून म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? रागावू नका. माझं नेमकं काय चुकतंय? मला कळलं तर मी सुधारंन. घरी सुद्धा करते मी. बाबांचा शर्ट उलटा घालून."

"जमेल," श्रावस्ती म्हणाली. 

गुरुवारी पहिलंच सिझर होतं. लोहाऱ्याकडच्या एका वस्तीवरची दैवशाला, पहिलटकरीण, मूल आडवं. सकाळी जीपमधून हादरे खात आली होती. टेबलावर घेतल्यावर तिचे दात वाजत होते.

"सिस्टर, लई थंडी वाजायलीय."

"भ्यायलीस," दगडोबा मामांनी तिच्या पायांवर चादर टाकली. "इथं समद्यांनाच वाजती. म्या बी पैल्या दिशी थरथरलो व्हतो, अन् मला तर मूल बी व्हायचं नव्हतं."

दैवशाला हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं.

शंभुलिंग सर डाव्या नळावर हात धुवायला लागले होते. श्रावस्ती उजव्या नळावर. तिनं कोपरानं साबण घेतला, नखांवर ब्रश फिरवला. साबण भेगेत गेला आणि कळ मनगटापर्यंत चढली. तिनं ओठ मिटून घेतले. तिनं ठरवलं की आजचा दिवस जाऊ दे. मूल आडवं आहे, पोरगी घाबरलेली आहे, ही वेळ नव्हे. सोमवारी सांगू. असं ती किती सोमवारांपासून म्हणत होती, हे मोजायचा तिनं प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आत ट्रॉलीपाशी भाग्यश्री पाकिटं उघडत होती. ती काचेच्या दारातून डोकावली.

"सिस्टर, तुमचे दोन जोड काढून ठेवलेत. आत सात, वर साडेसहा. बरोबर ना?"

"हो."

"मी पण तसेच घालत जाईन, उभी राहायला लागले की. वहीत लिहून ठेवलंय मी."

श्रावस्तीचा ब्रश थांबला. "काय लिहिलंयस?"

"दोन जोड घालायचे म्हणून. तुम्ही घालता तसे."

"आणि कारण?"

"कारण नाही लिहिलं." भाग्यश्री जराशी ओशाळली. "ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, असंल काहीतरी. तुम्ही करता म्हणजे बरोबरच असणार."

ती आत गेली. नळाचं पाणी वाहत होतं. शेजारी सर गुणगुणत होते. आत दैवशालाच्या पाठीत सुई गेली असावी. तिनं एकदाच "आई" म्हटलं, मोठ्यानं. उद्या भाग्यश्री कातडी फाटलेल्या हातावर दोन जोड चढवेल, तिच्या हाताखालची तिसरी तेच वहीत लिहून घेईल, आणि कुठल्या तरी वॉर्डात कुठली तरी सासू सुनेला विचारेल की पाणी का घेतलंस. श्रावस्तीला ते सगळं एकामागून एक, प्रयोगाच्या पायऱ्यांसारखं दिसलं.

तिनं कोपरानं नळ बंद केला.

"झालं एवढ्यात?" सर म्हणाले. "घड्याळ बघा, सिस्टर. तुम्हीच आम्हाला पाच मिनिटं सांगता."

ती हात वर धरून उभीच राहिली. पाणी कोपरांवरून खाली गळत होतं. दारात दगडोबा मामा येऊन थांबले होते. आतून भाग्यश्रीनं मान वर केली.

"सर," श्रावस्ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या या बोटाला दीड महिन्यापेक्षा जास्त दिवस उघडी भेग आहे. मी कुणाला सांगितलं नाही, आणि तशीच उभी राहिले. महेश्वरीच्या ऑपरेशनलाही. आजपासून मी टेबलावर उभी राहणार नाही. भाग्यश्री उभी राहील. ती तयार आहे, सर. महिन्याभरापासून तयार आहे."